लाल दोरा बांधलेला प्लग

खरखरे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते वीजबिलापुरतं उरलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं. कुणी सेट काखेत मारून पायरी चढला की नमस्काराआधी त्यांचा सवाल यायचा, "खरखर आहे का? कधीपासून?" तेव्हापासून सगळे त्यांना खरखरेच म्हणू लागले. एका नव्या पोस्टमननं तर खऱ्या आडनावाचं पत्र 'असे कोणी येथे राहत नाही' असा शेरा मारून परत पाठवलं होतं.

हात सोन्याचा, पण जीभ कानशीची. एक गिऱ्हाईक एकदा म्हणालं, "रेडिओ बंद पडला की मी त्याला दोन थपडा लावतो, मग चालतो." खरखऱ्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला ताप आला की डॉक्टर थोबाडीत मारतात का? नाही? मग डॉक्टर बदला." सेट मात्र दुरुस्त करून दिला, आणि असा दिला की त्या माणसाला आयुष्यात पुन्हा थप्पड मारायचं निमित्त मिळालं नाही.

हे दुकान बुडवलं एका निळ्या शर्टानं. गल्ली संपते तिथं मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यापलीकडे तीन मजली काचेचं दुकान उभं राहिलं. आत टीव्ही, फ्रिज, मोबाइल, आणि खिशावर बिल्ला लावलेली निळ्या शर्टांतली माणसं. लोक बिघडलेला रेडिओ घेऊन खरखऱ्यांकडे निघाले की वाटेत त्या दुकानात डोकवायचे, आणि तिथला एक गोडबोल्या विक्रेता हसून सांगायचा, "दुरुस्तीला कशाला देता काका? नवाच घ्या. जुना इथंच ठेवून जा." तीन वर्षांत खरखऱ्यांच्या दुकानाचं शटर खाली आलं ते कायमचं. आणि त्याच वर्षी लेकीनं ज्याच्याशी लग्न ठरवलं त्याला घरी आणलं. दारात उभा होता निळा शर्ट! बिल्लासुद्धा काढायचा राहून गेला होता.

बायको पाणी आणायला उठली तर खरखरे म्हणाले, "आपल्या ग्लासात नको. त्यांना म्हणावं नवा ग्लास घेऊन या दुकानातून."

लग्न झालं. पण सासऱ्या-जावयाचं बोलणं काही झालं नाही. समोरासमोर बसून दोघं लेकीच्या मार्फत बोलायचे. "सांग तुझ्या नवऱ्याला, पाय खाली ठेव म्हणावं." "सांग तुझ्या बाबांना, खुर्ची डुगडुगते म्हणून पाय वर घेतला." जावईही काही गरीब गाय नव्हता. एकदा छताचा पंखा कुरकुरायला लागला तेव्हा तो वर बघत म्हणाला, "हा दुरुस्तीला टाका की. पण हो, दुरुस्तीची दुकानं बंद पडली नाही का सगळी!" त्या दिवशी लेक दोघांच्या मधली ताटं उचलून उपाशीच स्वयंपाकघरात जाऊन बसली.

दुकान गेलं तरी खरखऱ्यांचा एक गड शाबूत होता. बाहेरच्या खोलीत, भिंतीपासून मोजून हातभर अंतरावर, त्यांनी स्वतः बांधलेला ॲम्प्लिफायर होता. सागवानी पेटी, आत काचेचे व्हॉल्व्ह, चालू केला की मिनिटभरानं नारिंगी उजळणारे. दोन्ही बाजूंना छातीइतके उंच स्पीकर. तो बांधायला दोन वर्षं लागली होती. मागच्या बाजूला सॉकेटांची रांग, आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं त्यांच्याच अक्षरात नाव: रेडिओ, टेप, तबकडी. या पेटीला हात लावायची परवानगी घरात फक्त एका माणसाला होती, आणि तीही कोरड्या फडक्यानं धूळ पुसण्यापुरती. ते माणूस म्हणजे त्यांची बायको.

बायको छापखान्यात तीस वर्षं प्रूफं वाचत होती. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचे ते दिवस. दिवसाला शेकडो पानं डोळ्यांखालून जायची. त्या डोळ्यांनीच शेवटी दगा दिला. नजरेच्या मधोमध धुक्याचा ठिपका बसला आणि फक्त कडांना उजेड राहिला. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, नाक दिसायचं नाही. ती नवऱ्याला म्हणायची, "एक बरं झालं बाई. तुमचं नाक दिसत नाही, म्हणजे त्याच्या शेंड्यावरचा राग पण दिसत नाही."

वाचणं गेलं. राहिलं ते रोज सकाळी अकरा ते साडेअकरा. त्या वेळी रेडिओवर एक बाई पुस्तक वाचायची. तेव्हा चालू होती दीपगृहाच्या रखवालदाराच्या दोन मुलींची लांबलचक कादंबरी, तीन महिने झाले तरी अर्ध्यावरच. अकराला पाच कमी असताना बायको पदर सारखा करून स्पीकरसमोर बसायची, जणू कुणी भेटायला येणार आहे. दिवसाचे बाकीचे साडेतेवीस तास ती त्या अर्ध्या तासाच्या जिवावर काढायची, हे खरखऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग त्याच रेडिओनं एक दिवस सांगितलं की एक तारखेपासून जुनं प्रक्षेपण बंद. यापुढं सगळं डिजिटल. ऐकायचं तर नवा डिजिटल रेडिओ घ्या.

"अहो, घ्यायला लागेल मग," बायको म्हणाली.

"ते डबडं? माझ्या घरात? मेलो तरी नाही."

"तुम्ही मेल्यावर घेते मग. पण तोवर कादंबरी संपेल की हो."

एक तारखेला अकरा वाजता खरखऱ्यांनी रेडिओ लावला. नुसती खरखर. त्यांनी गच्चीवर जाऊन एरियल फिरवली, तार बदलली, खाली आले, पुन्हा वर गेले. जिथून कुणी बोलतच नाही तिथलं ऐकू कसं येणार, हे त्यांच्याहून चांगलं कुणाला कळत होतं? तरी म्हणाले, "येईल. हवा खराब आहे." बायको अर्धा तास त्या खरखरीसमोर हात मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला, आणि संध्याकाळी जावई एक खोकं घेऊन दारात हजर.

"आईंसाठी आणलंय," तो छताकडे बघत म्हणाला. "डिजिटल ट्यूनर. तुमच्या ॲम्प्लिफायरला जोडलं की झालं. आवाज असा की बाई खोलीत बसून वाचतेय असं वाटेल."

तो पेटीच्या मागं वाकला, तसे खरखरे कडाडले. "हात काढ! त्याला परका हात लागायचा नाही. मी जोडतो."

इथं खरखऱ्यांनी जे केलं ते फक्त त्या धंद्यात मुरलेला माणूसच करू जाणे. रेकॉर्डच्या सुईतून निघणारा आवाज अगदी बारीक असतो, म्हणून 'तबकडी'च्या सॉकेटाला आत जादा जोर दिलेला असतो, आणि जाड स्वर आणखी जाड करून घेण्याची सोय असते. तिथं दुसरं काही जोडलं की आवाजाचा चिखल होतो. खरखऱ्यांनी रेकॉर्डप्लेअरचा प्लग उपसला, मागं लोंबता सोडला, आणि त्या जागी जावयाचं नवंकोरं डबडं खुपसलं. एवढं करून शांतपणे उठले, बोटं पुसली आणि म्हणाले, "लाव."

खोलीत जो आवाज भरला तो कुणी पिंपात तोंड घालून भांडतंय असा होता. शब्द फुटत होते, खिडकीची काच थरथरत होती.

"हेच का तुमचं डिजिटल, जावईबापू?" लग्नानंतर प्रथमच त्यांनी त्याला जावई म्हटलं. मग टेप लावून दाखवला, तो योग्य सॉकेटात होता, लख्ख वाजला. "माझी पेटी खऱ्याला खरं आणि खोट्याला खोटं ऐकवते. लबाडी तिला सोसत नाही."

जावयाचा चेहरा उतरला. त्याला विकता येत होतं, जोडता येत नव्हतं. त्यानं डबडं परत नेलं. दुकानात लावलं तर सुरेख वाजलं. दुसरं आणलं, खरखऱ्यांनी जोडलं, पुन्हा चिखल. तिसरं आणलं, पुन्हा चिखल. एकाच घरातून तीन डबडी खराब म्हणून परत गेल्यावर दुकानाच्या साहेबांनी त्याला चारचौघांत झापलं. ही बातमी ऐकून खरखरे मुद्दाम केस कापायला गेले. गरज नव्हती, आठ दिवसांपूर्वीच कापले होते. पण न्हाव्याच्या दुकानात पाच-सहा जण हमखास सापडतात. तिथं त्यांनी ही हकिकत अशी रंगवून सांगितली की न्हाव्याचा हात हसण्यानं हलला आणि त्यांचा एक कल्ला दुसऱ्यापेक्षा बोटभर वर गेला.

चौथं डबडं मात्र बायकोनं ठेवून घेतलं. "असू दे. जसं येईल तसं ऐकेन." आठवडाभर ती स्पीकरला कान लावून बसली. फुटके शब्द जुळवत, गाळलेले स्वतः भरत. "अर्धी कादंबरी ती बाई वाचते," एकदा म्हणाली, "अर्धी मीच लिहिते." खरखरे त्या वेळी पेपर तोंडासमोर धरायचे. जावई तोंडघशी पडल्याचा आनंद होताच, पण त्या आनंदाला अकरा ते साडेअकरा सुट्टी असायची.

मग एका सोमवारी पावणेअकराला बायको चपला घालून निघाली. "जरा पाय मोकळे करून येते." मंगळवारीही गेली, बुधवारीही. गुरुवारी न्हाव्यानं रस्त्यात गाठून विचारलं, "काय खरखरे, काकूंनी जावयाच्या दुकानात नोकरी धरली की काय? रोज बघतो त्यांना."

खरखऱ्यांच्या डोक्यात सणक गेली. तसेच मोठा रस्ता ओलांडून त्या काचेच्या दुकानात शिरले. जन्मात पहिल्यांदा! दुसऱ्या मजल्यावर हाय-फाय ऐकवायची काचेची खोली होती. आत मऊ खुर्चीत बायको बसली होती, डोळे मिटून. दाराशी निळ्या शर्टातला जावई उभा, येणाऱ्या गिऱ्हाइकाला ओठांवर बोट ठेवून परत पाठवत होता. खरखऱ्यांनी त्याला खांद्यानं बाजूला सारलं.

"माझ्या बायकोला शोकेसमध्ये बसवलंस? माझ्या घरात काय नाही म्हणून?"

"घरात डिजिटल वाजत नाही ना तुमच्या!" जावई दात खाऊन म्हणाला. "तुमची पेटी खऱ्याला खरं ऐकवते, खोट्याला..."

"गप्प बसा दोघं," बायको डोळे न उघडता म्हणाली. "धाकटी बोटीत बसलीये आणि वारा सुटलाय." मग नवऱ्याच्या दिशेनं हळू म्हणाली, "घरी जाऊन पेटीच्या मागं बघा. खूण केलीये मी."

खरखरे रस्ताभर बडबडत घरी आले, गुडघे टेकून पेटीच्या मागं वाकले. रेकॉर्डप्लेअरचा प्लग लोंबत होता, आणि त्याला लाल दोरा बांधलेला होता. नीट, गाठ मारून. प्रूफावर चुकीभोवती लाल शाईचं वर्तुळ असतं, अगदी तसा. कोरडं फडकं फिरवताना तिच्या बोटांना तो लोंबता प्लग सापडला होता.

खरखऱ्यांनी डिजिटलचा प्लग 'तबकडी'तून काढून 'रेडिओ'त घातला. जुना रेडिओ त्या जागेवरून काढताना हात जरा थांबला, पण काढला. चालू केलं. कुणी तरी बातम्या सांगत होतं, आणि आवाज इतका स्वच्छ की सांगणाऱ्यानं श्वास घेतलेलाही कळत होता. त्यांनी कान देऊन खरखर शोधली. कुठंच नव्हती. याचाही त्यांना राग आला.

बायको आली तेव्हा ते म्हणाले, "नीट झालंय. उद्यापासून घरी ऐक."

"मला पहिल्या दिवसापासून शंका होती," ती चपला काढत म्हणाली. "चार डबडी बदलली आणि चूक तीच. प्रत्येक पानावर एकच अक्षर तुटकं आलं तर तो दोष कागदाचा नसतो, खिळ्याचा असतो."

"मग सरळ प्लग बदलायचास ना! तुझ्या हाताला काय झालं होतं?"

"प्रूफ वाचणाऱ्यानं खिळ्याला हात लावायचा नाही. खूण करायची. दुरुस्ती ज्यानं जुळवलं त्यानं करायची. तीस वर्षं पाळलंय."

"केली ना दुरुस्ती!"

"चूक घरात होती तोवर एवढं पुरे होतं. आता ती छापून बाहेर गेलीये. जावयाच्या साहेबापर्यंत गेली, न्हाव्याच्या दुकानात गेली. आता शुद्धिपत्र लागेल. त्याच्या तोंडावर सांगा, प्लग कुठं होता ते. मग मी घरी ऐकेन."

"त्या डबडेवाल्यापुढं? मी? मान खाली घालू?"

"मान वर करून सांगा. मला काय, मधोमधलं तुमचं तोंड दिसतच नाही."

खरखरे हटले नाहीत. सहा दिवस हटले नाहीत. रोज पावणेअकराला बायको निघायची, आणि अकराला ते एकटेच त्या लख्ख आवाजासमोर बसायचे, रागारागानं. धाकटी बोट घेऊन निघाली ती सापडेना, थोरली दिवा विझू देत नव्हती. त्यांना कादंबरीशी घेणंदेणं नव्हतं, तरी साडेअकरा वाजले की ते चिडायचे, इथंच का थांबवतात म्हणून.

सातव्या दिवशी बायको परतली ती कोपर धरून. बाही फाटलेली, खाली खरचटलेलं, त्यावर रुमाल.

"काही नाही. रस्ता ओलांडताना स्कूटरचा धक्का लागला. मधोमध होती, दिसली नाही मला."

खरखऱ्यांनी पाणी तापवलं, जखम धुतली, पट्टी बांधली. चाळीस वर्षं बारीक तारा जोडलेल्या माणसाला पट्टीची गाठ तीनदा मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी बायको निघायच्या आधीच ते निघाले. दुकान नुकतंच उघडत होतं. निळे शर्ट रांगेत उभे होते, समोर साहेब त्या दिवसाची कामं वाटून देत होते, दोन-चार गिऱ्हाइकंही आली होती. खरखरे त्यांच्या मधोमध जाऊन थांबले.

"जावईबापू," ते भांडायला आल्यासारखे ओरडले. "तुझी चारही डबडी चांगली होती. मीच ती तबकडीच्या सॉकेटात घातली. मुद्दाम! साहेब, तुम्ही पण ऐका, लिहून हवं तर लिहून देतो. याचा दोष नव्हता. हा माणूस मला आवडत नाही, तो भाग वेगळा. आज आवडत नाही, उद्याही आवडणार नाही. पण डबडी चांगली होती."

जावयाचे कान लाल झाले. त्याला हसावं की मारावं हे कळेना.

"मुद्दाम?" तो म्हणाला. "चारही वेळा?"

"चारही वेळा. आता पाचव्यांदा विचारू नकोस."

"आणि मी तीन आठवडे एरियलच्या तारा मोजत होतो!"

"तीन आठवडे कसल्या मोजतोस? पहिल्याच दिवशी पेटीच्या मागं बघायचं. पण तुम्ही मागं कधी बघताच कुठं? बिघडलं की टाकलं!"

"तुम्ही बघू दिलं का? हात काढ म्हणून कोण ओरडलं?"

दोघं पुन्हा जुंपले. साहेब मध्ये पडले, तर दोघांनी मिळून साहेबांनाच गप्प केलं. त्या धांदलीत खरखऱ्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. साडेदहा. ते तसेच वळले आणि लांब टांगा टाकत घरी आले. बायको चपला घालत होती.

"काढ त्या. सांगितलं त्याला."

"कुणासमोर?"

"सगळ्या दुकानासमोर. साहेबासमोर. तुझ्या लेकीलाही फोन करून विचार हवं तर, एव्हाना तिला कळलं असेल."

तिनं खरंच फोन केला. लेकीचं बोलणं ऐकलं, "बरं" म्हणून ठेवला, आणि मग चपला काढल्या.

अजूनही सासरे-जावई लेकीच्या मार्फतच बोलतात. जावई आता डिजिटल रेडिओ विकताना गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "जोडणार कोण? घरात सासरे आहेत का?" हे खरखऱ्यांच्या कानावर आलंय. न्हाव्याच्या दुकानात ते पुन्हा एकदा गेले, शुद्धिपत्राचा दुसरा भाग सांगायला. या वेळी कल्ले आधी कापून घेतले, मग तोंड उघडलं.

कादंबरी संपली, दुसरी लागली. रोज अकराला पाच कमी असताना बायको उठते. आधी पेटीच्या मागं जाते आणि कोपर सांभाळत सॉकेटांच्या रांगेवरून बोट फिरवते. पहिलं, दुसरं, तिसरं. डिजिटल पहिल्यात, रेकॉर्डप्लेअर तिसऱ्यात. लाल दोरा तिनं अजून सोडलेला नाही, तो बोटाला लागला की ती थांबते, प्लग आत नीट बसलाय का ते दाबून बघते, आणि मगच खुर्चीत येऊन पदर सारखा करते.

"रोज रोज काय तपासतेस?" खरखरे पेपराआडून गुरगुरतात. "एकदा झालं ना?"

"सवय हो," ती म्हणते. "छापायला सोडण्याआधी एकदा बघून घ्यायचं. आता बोलू नका, अकरा वाजले."